धाकट्याच्या रंगाची डबी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, अविवाहित, धंदा पूर्वी कृत्रिम दात बनवण्याचा व आता नुसता रंगकामाचा छंद, राहणार वडिलांनी बांधलेल्या या दुमजली घरात, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्याच अकलेने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. दडपण आणण्याइतकी धीट बाई या घरात एकच आहे आणि ती आत्ता स्वयंपाकघरात सांडशी शोधते आहे. मी शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखल्यासाठी त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. ते मी त्यांच्याआधी केले.

यापूर्वी मी केलेली सर्व मृत्युपत्रे, विशेषतः गेल्या महिन्यात लिहून भावजयीला मोठ्याने वाचून दाखवलेलं, रद्द समजावीत. ते का रद्द केलं आणि हे आजच का लिहिलं, ही दोन्ही कारणं पुढे येतील. वाचणाऱ्याने मधली पानं गाळू नयेत. ही सवय माझ्या भाचीला आहे, म्हणून आधीच बजावते.

कलम १. माझी माणसं. मला एक भाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. घरात त्याला सगळे धाकटा म्हणत, म्हणून इथेही तेच लिहिते. तो कारखान्यांमध्ये यंत्रं बसवून द्यायचा. बावीस वर्षांपूर्वी असंच एक यंत्र बसवायला परगावी निघाला, अर्ध्या वाटेत एका थांब्यावर पाणी प्यायला बसमधून उतरला आणि पुन्हा चढला नाही. त्याची पिशवी मुक्कामी पोचली. पोलिसांनी शोधलं, आम्ही शोधलं, काही हाती लागलं नाही. त्याच्यामागे त्याची बायको, म्हणजे माझी भावजय, आणि त्यांची मुलगी, म्हणजे वर उल्लेखलेली भाची. बाकीचे नातेवाईक कोण कोण आहेत ते वेळ आली की स्वतःच येऊन सांगतील.

कलम २. हत्यारं. मेण कोरायच्या अकरा सुऱ्या, दोन भिंगं, प्लास्टर कालवायच्या रबरी वाट्या आणि दातांच्या रंगांची पट्टी माझ्या जुन्या सहकारिणीला द्यावी. आमच्या कामात तिच्याइतका स्वच्छ हात मी पाहिला नाही.

ज्या दंतवैद्यांकडे मी एकतीस वर्षं काम केलं त्यांना मी काही ठेवत नाही. कारण लिहून ठेवते. दाताचा रंग जुळवताना पहिल्या पाच सेकंदांत जे दिसतं तेच खरं. त्यानंतर डोळा थकतो आणि आपल्याला हवं ते दाखवायला लागतो. मग जरा वेळ निळ्या कागदाकडे पाहून डोळा ताजा करायचा आणि पुन्हा बघायचं. हा नियम मी डॉक्टरांना शिकवला. तरी एका बाईंच्या पुढच्या दाताचा रंग चुकला म्हणून त्यांनी चार पेशंटांसमोर मला बोल लावला. रंग चुकला नव्हता. डॉक्टर त्या बाईंकडे पाच सेकंदांपेक्षा फार जास्त वेळ बघत होते.

कलम ३. गल्ली. मागच्या खोलीत उत्तरेच्या खिडकीखाली एक लांब फळी आहे. तिच्यावर आमच्या गल्लीची नक्कल आहे: नऊ घरं, घड्याळजींचं दुकान, वळणावरचा नळ, आणि गल्लीतली माणसं. माणसं दातांच्या प्लास्टरची, अर्ध्या बोटाएवढी. प्रत्येकाला मी खिडकीत बसवून त्याच्या कातडीचा रंग जुळवला आहे. लोक आधी हसायचे आणि मग केस विंचरून यायचे. ही फळी भाचीला. तिने ती दिवाणखान्यात मांडू नये, पाहुणे हात लावतात.

कलम ४. डब्या, बाटल्या आणि झाकणं. या कलमावर भाची हसेल. हसावं आणि मग अक्षरशः पाळावं.

रंगांसाठी म्हणून मी आयुष्यात एकही डबी विकत घेतली नाही. डोळ्यांत घालायच्या औषधाच्या बाटल्या: टोपीखालचं नळकांडं सुईने उचकटावं, बाटली कोमट पाण्यात रात्रभर ठेवावी, मग रंग भरून आत सायकलच्या बेअरिंगचा एक छर्रा टाकावा, म्हणजे हलवताना रंग ढवळला जातो. गोळ्यांची रिकामी पाकिटं रंग कालवायला उत्तम. एका खळग्यात एक छटा, काम झालं की फेकून द्या. खोकल्याच्या औषधाचं मापाचं झाकण प्रमाण मोजायला. टूथपेस्टचं टोपण पाण्याला. नेलपॉलिशच्या बाटल्या फक्त तेलरंगांना, कारण त्यांचा वास कधीच जात नाही. झाकण लावण्याआधी तोंडावर प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा ताणावा. झाकणावर आतल्या रंगाचा ठिपका द्यावा आणि तो वाळल्यावरच रंग ठरवावा. ओला रंग नेहमी थोडं खोटं सांगतो. आणि रंगाला गेलेलं भांडं पुन्हा ओट्यावर येणार नाही. हा शेवटचा नियम भावजयीचा. एकदा मी तिची चमचे ठेवायची वाटी नेली होती, ती गोष्ट अजून निघते.

कातडीचे रंग सोडून बाकीच्या दोनशे चाळीस बाटल्या शहरातल्या छंदमंडळाला द्याव्यात. मंडळाच्या चिटणिसांनी एका प्रदर्शनात मला ‘भंगारवाल्या बाई’ म्हटलं होतं. त्यांच्या वाट्याला खास औषधाची ती तपकिरी बाटली द्यावी, जिचं झाकण दाबून फिरवल्याशिवाय उघडत नाही. त्याच प्रदर्शनात ते तिच्याशी अर्धा तास झटत होते. त्यांना कोणी युक्ती सांगू नये.

कलम ५. बामच्या डब्या. कातडीचे रंग मात्र मी बामच्या डब्यांत ठेवले. आमच्या आईचं डोकं रोज दुखायचं, त्यामुळे घरात त्या चपट्या पत्र्याच्या डब्यांना तोटा नव्हता. कितीही धुतल्या तरी बामचा वास राहतो. अजूनही कुठलीही डबी उघडली की आधी आईचं कपाळ आठवतं.

टेबलाच्या खणात त्या ओळीने लावलेल्या आहेत. पाण्याचा रंग असल्या डबीत वर्ष-दोन वर्षं टिकतो, मग सुकतो. मी अडाणी नाही, हे मला ठाऊक आहे. तरी जे झालं ते लिहिते.

पहिली आईची डबी. मी तिच्या मूर्तीच्या हाताचा टवका उडाला म्हणून रंग काढायला बसले, तर डबी तळापर्यंत सुकलेली. आदल्या दिवशी मी त्यातूनच रंग घेतला होता. मी डबी हातात घेऊन तिला दाखवायला गेले. ती खुर्चीत बसली होती, मान जराशी कललेली, बामचं बोट कपाळावरच.

दुसरी पोस्टमास्तरांची. ते आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे आणि मग बदलीच्या गावी गेले. दोन वर्षांनी, एका सकाळी, त्यांची डबी खुळखुळली. आत रंगाची चकती सुटी झाली होती. मी भावजयीला म्हटलं, “पोस्टमास्तरांच्या घरून पत्र येईल बघ.” नवव्या दिवशी आलं.

तेव्हापासून त्या खणाला घरात कोणी हात लावेना. फक्त धाकटा चेष्टा करायचा. तिसरी आणि चौथी डबी शिंपी नवरा-बायकोची. त्या पुढे काही वर्षांनी सुकल्या, पण तशाच. एकच दिवस, दोन तासांच्या अंतराने.

कलम ६. धाकट्याची डबी. निघायच्या दिवशी त्याला मी बळेच खिडकीत बसवलं. अर्धा तासच होता. रंग जुळला, पण मूर्तीच्या चेहऱ्यावर पहिला हातच देऊन झाला.

तो उठला आणि म्हणाला, “ताई, चेहरा आल्यावर पुरा कर. आणि माझं झाकण घट्ट लाव हं, नाहीतर वाटेतच खुळखुळायचो मी!”

मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. तो माझा त्याला झालेला शेवटचा स्पर्श.

त्यानंतर बावीस वर्षं मी दर गुरुवारी ती डबी उघडून पाहिली आहे. बावीस वर्षं ती ओली होती. सात वर्षं झाल्यावर वकील म्हणाले, आता कोर्टातून तो मृत असल्याचं जाहीर करून घेता येईल, फक्त घर दोघांच्या नावावर असल्याने बहिणीचीही संमती असली की पुढे वाद उरणार नाही. मी सही केली नाही. भाचीच्या लग्नाच्या पत्रिकेत वडिलांच्या नावाआधी काय लिहायचं यावरून भांडण झालं, तरी केली नाही.

“आत्या, अगं आईकडे बघ जरा,” भाची रडत म्हणाली होती. “ती धड सवाष्ण नाही की धड विधवा नाही. एका डबीपायी तू तिला अधांतरी टांगून ठेवलंयस.”

मी म्हटलं, “डबी ओली आहे.” एवढंच म्हटलं. भावजय तिथेच उभी होती. तिच्या गप्प बसण्याचा मला तेव्हा रागच आला, की हिला नवरा परत यायला नको आहे की काय. तिची मूर्ती मी फळीवर कधी केलीच नव्हती. कारण विचाराल तर सांगते: धाकटा निघाला त्या सकाळी ही त्याला म्हणाली होती, “जायचं तर जा एकदाचे.” हे वाक्य मी बावीस वर्षं जपून ठेवलं. रंगांपेक्षा जास्त.

गेल्या महिन्यातल्या मृत्युपत्रात मी घरातला माझा अर्धा हिस्सा धाकट्याच्या नावे केला होता. हे घर आम्हा दोघांच्या नावावर आहे, त्यामुळे सगळं घर त्याचं झालं असतं आणि तो येईपर्यंत कुलूपबंद राहिलं असतं. ते कलम मी भावजयीला वाचून दाखवलं. मला वाटलं भांडेल. तिने ऐकून घेतलं, पदराने हात पुसले आणि समोर बसली.

“वन्सं, ती डबी सुकली होती.”

“कुठली?”

“यांची. हे गेल्यावर नवव्या महिन्यात. तुम्ही कामावर होता. मी खण पुसायला काढला तर आतून आवाज आला.”

मी म्हटलं, “काहीतरीच काय बोलतेस! गुरुवारी मी बघितली तेव्हा ओली होती. दर गुरुवारी होती.”

“मी पाणी घालून पाहिलं, पण ते विरघळेना. मग तुमच्याच बाटल्यांतून नवा रंग कालवला आणि वरून ओतला. झाकणावर नवा ठिपका दिला. तुम्ही करता तसंच.”

“रंग कुठून जुळवलास? तो समोर नव्हता.”

तिने डावा हात पुढे केला, मनगटाची आतली बाजू वर करून. “सगळे म्हणायचेच ना, आमचा रंग एकसारखा. त्यांचा आठवेना, मग माझाच धरला.”

एकतीस वर्षं मी लोकांच्या दातांतली निम्म्या छटेची चूक पकडली. माझ्या सख्ख्या भावाचा रंग बदलला ते मला कळलं नाही. मी दर गुरुवारी ओल बघत होते, रंग बघतच नव्हते.

मी तिला विचारलं की हे मला का सांगितलं नाहीस. ती म्हणाली, “काय सांगू? घरात रडायला मी एक पुरे होते. तुम्ही ती डबी उघडून बघितलीत की दिवसभर धड जेवायचा, बोलायचा. म्हटलं, राहू दे.” म्हणजे नवरा गेल्याचं तिला एकवीस वर्षं माहीत होतं, आणि तो आहे असं धरून ती माझ्या टोमण्यांखाली वावरत होती. मी फार चुकले. हे लिहिताना मला लाज वाटते आणि ती वाटावी म्हणूनच लिहिते.

मग मी मेणाच्या सुरीने डबीचा तळ खरवडला. वरचा ओला थर बाजूला केल्यावर खाली वाळलेली चकती होती, नाण्याएवढी. तो धाकट्याचा रंग. निळ्या कागदाकडे पाहून मी पाच सेकंद बघितलं. तोच होता. ती चकती मी त्याच्या अर्धवट मूर्तीच्या पायाखाली चिकटवली आहे. चेहरा पुरा करायला आता रंग नाही. तो तसाच ठेवावा.

उठताना मी सहज विचारलं, “आणि पाणी? पाणी किती दिवसांनी घालायचीस?”

“दर बुधवारी दोन थेंब,” ती म्हणाली. “पण वन्सं, ते सहा वर्षांपूर्वीच बंद झालं. मी लेकीकडे राहायला गेले ना. नंतर मी त्या खोलीत पाऊलसुद्धा टाकलेलं नाही. मला वाटलं, तुम्हीच घालता.”

मी कधीच घातलं नव्हतं. आम्ही दोघी त्या डबीकडे बघत बसलो. सहा वर्षं तिच्यात पाण्याचा थेंब पडला नव्हता आणि रंग काल कालवल्यासारखा होता. मग तिने हळूच आपला हात पदराखाली घेतला. तिला कळलं होतं आणि मलाही कळलं होतं, की ती कोणाची डबी आहे आणि का ओली आहे.

कलम ७. घर. धाकटा मृत असल्याचं जाहीर करण्यास माझी संमती आहे. सही केलेला कागद सोबत जोडला आहे. त्याचा अर्धा हिस्सा कायद्याप्रमाणे त्याच्या बायकोला आणि मुलीला जाईल. माझा अर्धा हिस्सा मी पूर्णपणे भावजयीला देत आहे. तो विकावा, भाड्याने द्यावा की आत बसून माझ्या नावाने खडे फोडावेत, हा तिचा प्रश्न. ओट्याखालची गळकी तोटी तिने आधी बदलून घ्यावी, मला नुसतंच म्हणत राहिली. बँकेत जी काही शिल्लक असेल ती भाचीला. मृत्युपत्राचा अंमलही तिनेच करावा.

फळीवर, आमच्या दारात, धाकट्याच्या शेजारी मी भावजयीची मूर्ती उभी केली आहे. गेल्या आठवड्यात केली. रंग त्याच डबीतला घेतला, ठिपक्याशी ताडून बघायची गरज पडली नाही. झाकणावर आता तिच्या नात्याची चिठ्ठी आहे. या डबीत कोणी पाणी घालू नये. तिला ते लागत नाही.

कलम ८. माझी डबी. हे कलम भावजयीला मी वाचून दाखवलेलं नाही. माझ्यामागे भाचीने ते तिला सावकाश वाचून दाखवावं, आणि वाचताना तिच्याजवळ बसावं.

माझी डबी मी कधी केली नव्हती. स्वतःचा रंग आरशात जुळत नाही. आरशाच्या काचेला स्वतःची हिरवट झाक असते. हा माझा बहाणा होता. खरं तर मला ती करायची नव्हती. भावजय हल्ली इथेच राहायला आली आहे, सोमवारी ती म्हणाली, “वन्सं, सगळ्यांच्या डब्या आणि तुमचीच नाही? बसा खिडकीत.”

मी बसले. तिने गोळ्यांच्या पाकिटात रंग कालवला. पिवळा जास्त पडला तेव्हा मी ओरडले, ती म्हणाली, “हलू नका.” चौथ्या खळग्यात जो रंग जमला तो पहिल्या नजरेत पटला. इतकं नीट मला कधी कोणी पाहिलं नसेल. तिने तो डबीत भरला, पिशवीचा तुकडा ताणला, झाकण दाबून लावलं, ठिपका दिला.

बुधवारी सकाळी मी खण ओढला आणि डबी खुळखुळली.

मी उघडून पाहिली. दोन दिवसांत तळापर्यंत सुकली होती. झाकण घट्ट होतं, पिशवीही शाबूत होती. मी डबी होती तशी ठेवली, चहा घेतला आणि वकिलांना फोन करून साक्षीदार उद्याच हवेत असं सांगितलं. दुपारी भावजय झाडू घेऊन मागच्या खोलीत गेली. झाडायला तिला फार वेळ लागला.

आज गुरुवार. सकाळी ती माझी डबी उघडीच घेऊन माझ्यापाशी आली. “बघा वन्सं, कशी छान ओली आहे! आपलं उगाच काहीतरी मनात येतं झालं.”

मी बघितलं. या वेळी मी ओल बघितली नाही. तो रंग माझा नव्हता. माझ्या रंगापेक्षा अर्धी छटा सावळा आणि ऊबदार, म्हणजे माझ्या ओळखीचा. मग मी तिच्या डाव्या हाताकडे पाहिलं. मनगटाच्या आतल्या बाजूला, जुळवून बघताना लावलेला रंगाचा एक ठिपका राहिला होता. तो शोधावा लागला, कारण तो तिच्या कातडीत दिसेनासा झाला होता.

मी म्हटलं, “छान आहे. झाकण लावून ठेव.”

तेव्हा माझी इच्छा अशी: त्या दोन्ही डब्या, आधी त्याच्या नावाची होती ती आणि माझ्या नावाची, तिच्या उशाशी ठेवाव्यात. दोन्ही तिच्याच आहेत आणि पुष्कळ वर्षं ओल्या राहोत. आणि तिला माझा निरोप सांगावा, शब्द न बदलता: अगं, या वेळी मला पाच सेकंदांत कळलं होतं. मी तुला सांगितलं नाही. घरात रडायला मी एक पुरे होते.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, दोनदा वाचला आणि साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत खाली सही केली. त्यांनीही माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या. मजकूर त्यांना वाचायला दिलेला नाही, ते तसे बोलके आहेत.

ठिकाण: राहतं घर, मागची खोली, खिडकीपाशी
दिनांक: १९ नोव्हेंबर, गुरुवार, सकाळी साडेअकरा

(सही) मृत्युपत्र करणारी, धाकट्याची ताई

साक्षीदार १: (सही) गल्लीतले घड्याळजी
साक्षीदार २: (सही) औषधाच्या दुकानातल्या बाई, ज्यांनी रिकाम्या बाटल्या पुरवल्या